पप्पा इतक्या वर्षांनी परत आलेत, दर रविवारी भेटते पण बोलायला काहीच नसतं

सिडकोवाली_बारावी

नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच जण माझ्यापेक्षा मोठे दिसतात म्हणून विचारतेय, मैत्रिणींना सांगितलं तर एक रडायलाच लागली आणि दुसरी म्हणते ब्लॉक कर ना सरळ.

मी १७ ची, बारावी सायन्स, नाशिकला सिडकोत आई आणि आजीबरोबर राहते, आजी म्हणजे आईची आई. पप्पा मी पहिलीत असताना गेले. अंबडला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, भाड्याच्या गाळ्यात, लेथ होतं आणि ड्रिलिंग मशीन, कंपन्यांचं जॉबवर्क घ्यायचे. मग पेमेंट अडकली, एका पतसंस्थेचं कर्ज होतं, वरून बाहेरून व्याजाने उचललेले वेगळेच, लोक घरी यायला लागले आणि हे वापीला काम बघून येतो म्हणून गेले ते गेलेच. सुरुवातीला फोन यायचे मग नंबरच बंद झाला. पतसंस्थेला आई जामीन होती त्यामुळे हप्ते तिच्या पगारातून कापले गेले. शाळेच्या सहलीला मीच का नाही जात हे तेव्हा कळायचं नाही, आता कळतं.

आता झालं असं की मला इंजिनिअरिंगला जायचंय, आम्ही ओबीसी, आणि व्हॅलिडिटीला, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राला, सगळी कागदं वडिलांकडची लागतात. वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा, वंशावळ, सगळं तिकडचं. आईने शेवटी नाइलाजाने आत्याला फोन केला, नाशिकरोडला असते ती, आमचं त्यांच्याशी बोलणंच नव्हतं, तर आत्या शांतपणे म्हणाली अगं तो माझ्याकडेच आहे दिवाळीपासून, सिन्नरला कंपनीत जातो. म्हणजे आम्ही सगळे एकाच गावात आणि आम्हाला पत्ता नाही.

मग भेटले. आता दर रविवारी भेटतात. कॉलेज रोडला एका हॉटेलात बसतो, ते माझ्यासाठी काहीतरी मागवतात, स्वतः फक्त चहा. अभ्यास कसा चाललाय, आई बरीये ना, आजीचे गुडघे कसे आहेत. संपलं. मग ते माझ्याकडे बघत बसतात आणि मी मोबाईलमध्ये. मला वाटलं होतं मी खूप भांडेन, कितीतरी वर्षं डोक्यात वाक्यं रेडी होती, पण खरं सांगू का मला राग येतच नाही, मला कंटाळा येतो. घड्याळ बघते. आणि घरी आल्यावर त्या कंटाळ्याचंच वाईट वाटतं, की बाप भेटला एवढ्या वर्षांनी आणि पोरीला बोअर होतंय.

एकदाच बरं गेलं. आजोबांच्या दाखल्यासाठी त्यांच्या गावी जावं लागलं, निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला. एसटीने गेलो. चांदोरी गेल्यावर ते अचानक बोलायला लागले, बिना विचारता. लहानपणी धरणाच्या कडेला म्हशी घेऊन जायचे, थंडीत पक्षी यायचे त्यांना कोणती पोरं काय नावं ठेवायची, निफाडच्या थंडीत शाळेत जाताना शर्टाच्या आत पेपर घालायचे, असं काय काय. शाळेत जुनं रजिस्टर काढलं तेव्हा आजोबांचं नाव बोट लावून त्यांनीच शोधलं. येताना द्राक्षं घेतली रस्त्यावर. पण पुढच्या रविवारी परत तेच हॉटेल आणि तेच गुडघे.

घरी आई म्हणते तुझा बाप आहे, वाटतं तर भेट, मी कोण नाही म्हणणारी. पण आले की विचारते काय म्हणाला, सांगितलं की भांडी आदळते, नाही सांगितलं तर अबोला. आणि अजून एक, पप्पांना मधेच फोन येतात, नाव बघितलं की उठून बाहेर जातात आणि आल्यावर चेहरा पडलेला असतो. कोणाचा होता विचारलं तर कंपनीचा. रविवारी?

तर माझं विचारणं हे की असा कंटाळा येणं नॉर्मल आहे का, आणि भेटायचं थांबवलं तर मी वाईट ठरते का. व्हॅलिडिटीचं काम होईपर्यंत भेटायचं आणि मग बंद करायचं हे पण डोक्यात येतं, पण ते वापरून घेतल्यासारखं वाटतं.

गंगाघाट_काका

बाळा, बाप तो बापच. माणूस परिस्थितीने मार खातो. तुझ्या वडिलांनी व्यसन केलं नाही, दुसरं लग्न केलं नाही, धंदा बुडाला म्हणून तोंड लपवलं. आता लाज सोडून परत आले आहेत तर मोठ्या मनाने पदरात घे. आईलाही समजाव. आमच्या वेळी घरात मोठी माणसं मध्ये पडून असं मिटवायची, आता मध्ये पडायला कोणी नाही म्हणून सगळं पोरांच्या डोक्यावर येतं.

दोन_मुलांची_आई

काका, दुसरं लग्न केलं नाही हे तुम्हाला कसं माहीत? आणि "आईला समजाव" हे सतरा वर्षांच्या मुलीला सांगताय? त्या बाईने दुसऱ्याचं कर्ज फेडलं, पोरगी बारावीपर्यंत आणली, आता तिला समजवायचं पण पोरीनेच.

सिडकोवाली, मी तुझ्या आईच्या जागेवर होते म्हणून तिकडून सांगते. माझा मोठा दहावीनंतर त्याच्या वडिलांना भेटायला लागला. मीच परवानगी दिली होती आणि मीच दर वेळी तो येईपर्यंत ओट्याजवळ उभी राहून नुसती कामं उकरत बसायचे. मला तो दुरावेल याची भीती नव्हती. मला भीती ही होती की तो येऊन म्हणेल पप्पा तर चांगले आहेत, आणि मग आमची इतकी वर्षं कोणत्या खात्यात टाकायची. आई भांडी आदळते ती तुझ्यावर नाही.

ती विचारेल तेव्हा काय म्हणाला याचा रिपोर्ट देऊ नको. तू काय खाल्लंस, कुठे गेलात, एवढं सांग, आणि स्पष्ट म्हण की आई, त्यांचं तुला काही विचारायचं असेल तर तू विचार, मी मधला पोस्टमन होणार नाही. तेच त्यांनाही. आई बरीये ना हे ते तुला दर रविवारी विचारतात म्हणजे त्यांना आईचीच चौकशी करायची असते बघ, हिंमत नाही म्हणून तुझ्यामार्फत. आमच्याकडे हे बोलल्यावर एक आठवडा घर गार पडलं होतं, मग मुलगा मोकळा झाला.

सातपूर_टूलरूम

कंटाळा शंभर टक्के नॉर्मल. माझे वडील मी नववीत असताना परत आले, आमचं कर्जाचं नव्हतं, वेगळं होतं, ते जाऊ दे. लोकांना वाटतं बाप परत आला की एकतर मिठी मारायची नाहीतर थोबाडीत मारायची. प्रत्यक्षात समोर एक अनोळखी माणूस बसलेला असतो ज्याला तुझा वाढदिवस माहितीये पण तुला तिखट किती चालतं ते माहिती नाही. अनोळखी माणसाबरोबर हॉटेलात तासभर बसून कोणालाही कंटाळा येईल, त्यात तुझं काय चुकलं.

तू स्वतःच लिहिलंय की एसटीत ते बोलले. हाच पॉइंट आहे. समोरासमोर बसवलं की माणूस इंटरव्ह्यू देतो, शेजारी बसवलं, हाताला काहीतरी काम दिलं, की तोंड सुटतं, आणि तो लेथवाला माणूस आहे म्हणतेस, मी टूलरूमला आहे, आमच्यातल्या लोकांना कॉफी शॉपमध्ये बसवणं म्हणजे शिक्षा आहे. माझे वडील आणि मी पहिल्यांदा नीट बोललो ते घरच्या पाण्याच्या मोटरचं रिवाइंडिंग करताना. तो कॉइल मोजत होता आणि मोजता मोजता सांगत होता की तो कुठे होता. मी वर बघितलंच नाही, त्याने पण नाही.

तर कामं काढ. व्हॅलिडिटीची चक्कर असेल त्यांना घेऊन जा. नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात जायचं तर सिटीलिंकच्या बसने जा दोघं. घरातला मिक्सर बिघडला तर त्यांना दे रिपेअरला. सेकंड हँड सायकल घ्यायची असेल तर बघायला ने. तासाभराची भेट ठेव, काम झालं की घरी, बसायचं नाही.

आणि अपेक्षा थोड्या खाली ठेव, स्वतःच्या पण. माझं आणि वडिलांचं आता बरं आहे पण ते बाप-मुलगा म्हणतात तसं नाही झालं, चांगली ओळख असलेल्या माणसासारखं आहे. दिवाळीला जातो, गाडीचा आवाज येत असला की फोन करतो. माझ्या लग्नात ते मंडपात होते, पुढे नव्हते. मला एवढं पुरतं. त्यांना पुरतं का ते मी विचारलेलं नाही आणि विचारायचं पण नाहीये.

व्हॅलिडिटीपुरतं भेटणं म्हणजे वापरून घेणं वगैरे काही नाही. ती कागदं तुझ्या हक्काची आहेत, त्यांनी मेहरबानी केलेली नाही. कागदं वेगळी, भेटणं वेगळं. हे दोन्ही डोक्यात एकत्र राहिले तर प्रत्येक रविवार हिशोबासारखा वाटेल.

(नांदूरमध्यमेश्वर म्हणजे भारी जागा. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, २०२० ला जाहीर झालं. पुढच्या थंडीत त्यांना म्हण पक्षी दाखवायला न्या, पोरांनी ठेवलेली नावं त्यांनाच माहिती, गाईडला नाही.)

वकीलताई_नाशिकरोड

भावनेचं वरच्यांनी सांगितलंच आहे, मी कागदाचं आणि कायद्याचं बोलते कारण तिथे उशीर परवडत नाही.

पहिलं. व्हॅलिडिटीला ओबीसीसाठी मानीव तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे, म्हणजे त्याच्या आधीचा जातीची नोंद असलेला वडिलांकडच्या रक्तातल्या कोणाचा तरी पुरावा हवा. आजोबांचा शाळेचा उतारा त्यासाठीच. पण त्याआधी आत्याला विचार की वडिलांच्या बाजूला कोणाची व्हॅलिडिटी आधीच झालीये का, सख्खे काका, चुलत भाऊ, आत्या स्वतः. रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र आणि वंशावळीचं शपथपत्र जोडलं तर निम्मं काम होतं. नॉन क्रिमीलेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, वेगळा काढावा लागेल, त्यात आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, तहसीलला जाताना आईला घेऊन जा. हे सगळं कर कारण २०२४ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) इंजिनिअरिंगला ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. छोटी रक्कम नाही ती.

दुसरं. तुला कोणी जबरदस्तीने भेटायला लावू शकत नाही. समजा प्रकरण कोर्टात गेलंच तर तुझ्या वयाच्या मुलीला काय हवंय हे न्यायाधीश चेंबरमध्ये बोलावून विचारतात. आणि १८ पूर्ण झाल्यावर ताब्याचा प्रश्नच राहत नाही. भेटणं थांबवलं तर वाईट ठरतेस का, तर नाही. थांबवून सहा महिन्यांनी परत सुरू केलंस तरी नाही.

तिसरं, ते फोन. मला ते आवडलं नाही. सरळ विचार.

गंगाघाट_काका

दोन मुलांच्या आई, मान्य आहे, माहीत नसताना बोललो. पण पदरात घे हे माझं मत कायम आहे. माणूस स्वतः परत येतो तेव्हा दार बंद करू नये.

सिडकोवाली_बारावी

थँक्यू सगळ्यांना. सातपूर दादा तुमचं वाचून मी रविवारी हॉटेलला नाही गेले, म्हटलं आपण नासर्डी पुलाजवळ कुठे ऑफिस आहे ते बघून येऊ, बंद असलं तरी. बंदच होतं. मग तिथून चालत द्वारकेपर्यंत आलो, कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते खोदलेत, ते मला सारखे आतल्या बाजूने चाल म्हणत होते, मजा वाटली.

मग त्यांना परत फोन आला आणि मी तिथेच विचारलं. म्हटलं खरं सांगा नाहीतर मी पुढच्या रविवारी येणार नाही. त्यांनी सांगितलं. इथल्याच एकाचे व्याजाचे पैसे आहेत तेव्हाचे, ते नाशिकला परत आल्याचं त्याला कळलं आणि आता तो रोज फोन करतो. मूळ रकमेपेक्षा व्याजच कितीतरी जास्त झालंय म्हणे.

इथपर्यंत मला वाईट वाटत होतं. मग म्हणाले, मी विचार करत होतो तुझ्या नावाने खातं उघडू, माझा पगार त्यात टाकत जाईन, तुझ्या शिक्षणालाच होईल, आणि तू १८ ची झालीस की एक छोटं कर्ज तुझ्या नावावर, मी हप्ते भरेन. आणि वर, तुझ्या आईला एवढ्यात सांगू नको.

आणि तेव्हा मला राग आला. एवढा आला की मी द्वारका सर्कलला रस्त्यातच ओरडले, लोक बघायला लागले. आईने फेडलं तेव्हा तुम्ही कुठे होतात, आणि आता माझ्या नावावर? सगळी वाक्यं बाहेर आली, रेडी होती ती पण आणि नव्हती ती पण. ते काहीच बोलले नाहीत, फक्त बरोबर आहे बरोबर आहे. मी रिक्षा करून घरी आले. कंटाळा मात्र अजिबात नव्हता त्या दिवशी 😐

आता मला कळत नाहीये की ते मला फसवत होते की खरंच त्यांना वाटतं की ते माझ्यासाठी करतायत. आणि तो व्याजवाला आमच्या घरी येऊ शकतो का, माझ्याकडून मागू शकतो का?

वकीलताई_नाशिकरोड

शांतपणे वाच.

तू अजून १८ ची नाहीस, तुझ्या सहीचा करार कायद्याने रद्दबातल आहे, म्हणूनच ते १८ नंतरचं बोलत होते. १८ झाल्यावर जामीनदार, सहकर्जदार, कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर, कशावरही सही नाही, कितीही रडून सांगितलं तरी नाही. आधार, पॅन, ओटीपी यातलं काहीही नाही, आत्यालाही नाही. त्यांचा पगार तुझ्या खात्यात नको, पैसे मागणाऱ्यांपासून लपवायला तुझं खातं वापरलं जाईल आणि उद्या उत्तरं तुला द्यावी लागतील. शिक्षणाला द्यायचंच असेल तर कॉलेजची फी थेट भरा म्हणावं किंवा आईच्या खात्यात ट्रान्सफर करा, त्याची नोंद राहते.

बापाच्या हयातीत त्याचं कर्ज मुलीकडून वसूल करता येत नाही. आईने त्या माणसाच्या कागदावर सही केली नसेल तर तिच्याकडूनही नाही. केली होती का ते आईला विचार, म्हणजे तिला हे सांगावंच लागेल, आणि सांगायलाच हवं. तो माणूस विनापरवाना सावकार असेल तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. ती तक्रार तुझ्या वडिलांनी करायची, तू नाही. तो दारात आला तर पोलीस स्टेशन.

फसवत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. माझ्याकडे येणारे बरेच कर्जात बुडालेले लोक स्वतःलाही असंच सांगतात की पोरांसाठीच करतोय, आणि तेव्हा ते खोटं बोलतायत असं त्यांना खरंच वाटत नसतं. पण तुला त्याचा निकाल लावायची गरज नाही, सही करायची नाही एवढं ठरलं की पुरे.

सातपूर_टूलरूम

ओरडलीस ते बरं केलंस. आणि तो बरोबर आहे म्हणत उभा राहिला, पळाला नाही, हे पण नोंदवून ठेव. त्याचं काय करायचं ते आत्ता ठरवू नको.

दोन_मुलांची_आई

आजच आईला सांग. रात्री जेवण झाल्यावर, आजीसमोर नको. ती आधी भडकेल, मग तिच्याकडे जुनी फाइल असेलच, आम्ही बायका असली कागदं टाकत नाही. आणि झोप लागत नसेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल तर १४४१६ वर फोन कर, सरकारी टेलिमानस, मराठीत बोलतात, फुकट आहे. बारावी आहे तुझी, हे सगळं एकटीने वाहू नको.

सिडकोवाली_बारावी

सांगितलं आईला. भडकली नाही उलट हसली, म्हणाली मला वाटलंच होतं तो माणूस परत येईल. फाइल आहे, कपाटात साड्यांखाली. तिची सही फक्त पतसंस्थेवर होती, दुसऱ्या कुठे नाही. मग तिने स्वतः पप्पांना फोन केला, माझ्यासमोर, किती वर्षांनी. दोन मिनिटं. म्हणाली पोरीच्या नावाला हात लावायचा नाही, आणि त्या माणसाचं काय करायचं ते उपनिबंधकाकडे जाऊन कर, पत्ता मी देते. ठेवला.

पप्पांचा नंतर मला मेसेज आला की खात्याचं विसर, चुकलं. मी अजून उत्तर दिलं नाहीये. पण आत्याकडे कोणाचीच व्हॅलिडिटी नाही, काकांनी कधी काढलीच नाही, आणि आजोबांच्या उताऱ्यावर जातीचा रकाना अर्धा फाटलाय, त्यामुळे पणजोबांचा किंवा आजोबांच्या भावाचा शोधावा लागणार आणि ते कोणत्या शाळेत होते हे पप्पांनाच माहिती. शनिवारी जाणार आहे त्यांच्याबरोबर निफाडला, आईला सांगून. बोलले तर बोलले.

वकीलताई_नाशिकरोड

जा. उताऱ्यावर मुख्याध्यापकांची सही, शिक्का, जनरल रजिस्टर नंबर आणि दाखल झाल्याची तारीख हे चारही बघितल्याशिवाय शाळेतून बाहेर पडू नको. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो पण काढून ठेव. शनिवारी शाळा सकाळची असते, पहिल्या एसटीने निघा.